बिलाच्या पाठीवर

मार्चच्या वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर
मी यादी केली होती:
आधी गिटार, मग तीन पेडल,
मग उरलंच काही तर ॲम्प.
महावितरणच्या काउंटरवर बसून
दिवसभर दुसऱ्यांची थकबाकी मोजणाऱ्या बाईला
हौससुद्धा हप्त्यांतच सुचते.

गिटार आली. भिवापुरी मिरचीसारखी लाल.
सदरच्या दुकानात काचेआड आठ महिने
ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या किमतीकडे.
घरी आणली, मावसभावाच्या डब्याएवढ्या ॲम्पला जोडली
आणि खोलीभर घुमायला लागला
कूलरचा आवाज.
कूलर बंद केला.
तरी तोच.

डिस्टॉर्शन घेतलं, तर कूलरची गिरणी झाली.
डिले घेतला, तर एका गिरणीच्या चार,
एकीमागे एक दळत बसलेल्या.
रिव्हर्बनं त्या चारही उचलून
पंगत उठलेल्या मंगल कार्यालयात नेऊन ठेवल्या.
आई म्हणाली, एवढ्यात सोन्याची साखळी झाली असती,
निदान तिचा आवाज तरी आला नसता.

इंदोऱ्यात गजभियेकाकांचं दुकान.
दोन पायऱ्या उतरून जावं लागतं.
भिंतीवर पोट फाटलेले स्पीकर, हवेत राळेचा धूर,
आणि चौदा एप्रिल जवळ आला की
दारात ऑर्केस्ट्रावाल्यांची गर्दी:
आज रात्री कार्यक्रम हाये काका, काहीतरी करा.
काकांनी माझी लाल गिटार पाहिलीच नाही.
पेडल बाजूला ठेवायला लावली,
वायर थेट एका जुनाट पेटीत खोचली
आणि डोळे मिटून विचारलं,
"तारा कधी बदलल्या?"

बदलायच्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"पोरी, आवाज निघते कुठून? या कागदातून."
स्पीकरच्या काळ्या शंकूवर त्यांनी तळवा टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
"अन् तू पैसा लावला कुठं?
टाकीत गाळ, अन् नळाले चांदीची तोटी."

मग माझंच बिल उलटं करून
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.
तारा: साडेचारशे.
मानेचा बाक, तारांची उंची: चहा पाज.
ॲम्प: कामठीच्या एका पार्टीचा हाये पडून,
बारा इंची स्पीकर, भांडण झालं अन् पार्टी फुटली,
सांगतो मी त्यायले.
पेडल: पुढं नुसतं प्रश्नचिन्ह.
गिटार लिहिलीच नाही. "ते हाये ना तुयापाशी.
चांगलीच हाये. तिले कायले शिव्या देतं?"
जरा थांबून, सगळ्यांच्या वर,
कागद संपतो तिथल्या अरुंद जागेत लिहिलं:
अर्थिंग.

लाज वाटली.
कार्यालयात माझ्या मागच्याच भिंतीवर तक्ता आहे,
अर्थिंग तपासा, जीव वाचवा.
त्याच्याखाली पाच वर्षं मी डबा खाते.

घरामागचा खड्डा उघडला.
शेहेचाळीस अंशांत माती वाळून भेगाळलेली,
सळई हातानं हलत होती.
शेजारच्या वायरमन ढोबळेंना बोलावलं,
कोळसा घातला, जाडं मीठ घातलं,
चार बादल्या पाणी. मातीनं आवाज करत प्यायलं.
खर्च नव्वद रुपये, त्यात ढोबळेंचा खर्रा.

संध्याकाळी ॲम्प लावला, तोच डब्याएवढा,
आणि काहीच ऐकू आलं नाही.
शेजारचा कुकर ऐकू आला.
रस्त्यावर कुणीतरी स्कूटर स्टँडवर लावली, तेही.
आईनं आतून विचारलं, "बिघडली का गं?"
मी एकच तार छेडली
आणि ती पूर्ण विझेपर्यंत हात लावला नाही.

कामठीचा ॲम्प पुढच्या महिन्यात, चार हप्त्यांत.
पेडल कपाटात आहेत, प्रश्नचिन्हासकट.
खड्ड्यात दर रविवारी बादलीभर पाणी.

यादीच्या नादात बिल भरायचं राहिलं ते राहिलंच.
सोमवारी माझ्याच काउंटरच्या रांगेत उभी राहिले,
विलंब आकार, अठरा रुपये.
बाजूची माधुरी हसत म्हणाली, मागे काय लिहिलंय हे?
म्हटलं, शिक्का पुढेच मार.